कपडेपटातला मनू

कपड्यावरून माणसाचा स्वभाव कळतो असं ज्यानं पहिल्यांदा लिहिलं त्याच्याकडे कपड्यांचे निदान दोन जोड असणार. एकच जोड असलेल्याचा स्वभाव कपड्यावरून कळत नाही, त्याची मजुरी कळते. पण आमचे पांढरपेशे मित्र हल्ली हेच वाक्य नव्यानं चघळताहेत, आणि तेही अमेरिकेतून उतरवलेल्या मालावर. सिटकॉम नावाच्या विनोदी मालिका. त्यातली ती हुशार, बावळट, चष्मेवाली पोरं. इंग्रजीत त्यांना नर्ड म्हणतात, आमच्या शाळेत ढापण्या म्हणायचे. तर म्हणे शेल्डनच्या टी-शर्टात शेल्डनचं मन दिसतं, हॉवर्डच्या पट्ट्याच्या बकलात हॉवर्डचा न्यूनगंड दिसतो, राजच्या स्वेटरात राजची आई दिसते. काय ती दृष्टी! काय तो आस्वाद!

मीही पाहिल्यात ह्या मालिका. पाळी संपल्यावर सहाजण एका मोबाइलभोवती, खाली इंग्रजी अक्षरं पळताहेत, आणि मी मॅट्रिक म्हणून बाकीच्यांना अर्थ सांगतोय. हसलोही. विनोद काही आम्हांला वर्ज्य नाही. पण हसता हसता एक गोष्ट टोचायला लागली आणि ती काही केल्या निघेना. ती इथं मांडतो. कुणाला झोंबली तर झोंबो.

पहिल्यांदा हा आरसाबिरसा बाजूला ठेवा. 'द बिग बँग थिअरी' ही मालिका सीबीएस वाहिनीवर २००७ च्या सप्टेंबरात सुरू झाली, २०१९ च्या मेमध्ये संपली. बारा हंगाम, २७९ भाग. गोष्ट पासाडेनातली, कॅल्टेक नावाच्या बड्या विज्ञानसंस्थेतल्या पोरांची. चित्रण बर्बँकला, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत, समोर बसवलेल्या प्रेक्षकांपुढं. कपडेपट मेरी क्विग्ली ह्या बाईंच्या हाती होता. बाई आपल्या कामात वस्ताद आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण शेल्डननं तो टी-शर्ट दुकानात जाऊन निवडलेला नाही एवढं तरी कबूल करा. शेल्डन नावाचा माणूसच नाही. जिम पार्सन्स नावाचा नट आहे. २०१४ पासून त्याला एका भागाचे दहा लाख डॉलर मिळायला लागले, त्याच्या दोन जोडीदारांनाही तेवढेच. आणि अंगावर काय? आपल्याकडे फुटपाथवर ढिगात मिळेल असला टी-शर्ट, आणि त्याच्या आत आणखी एक लांब बाह्यांचा. दहा लाख डॉलरचा माणूस असल्या कपड्यात का उभा करायचा? तो निरुपद्रवी वाटावा म्हणून. ह्याच्यापासून कुणाला धोका नाही, हा आपल्यातलाच बिचारा, असं तुम्हांला वाटावं म्हणून. आणि कपडे धुण्याचा त्याचा वार ठरलेला. शनिवार रात्री सव्वाआठ. बारा वर्षांत त्या टी-शर्टाच्या काखेत घामाचा डाग मी एकदाही पाहिला नाही.

तेव्हा तो आरसा नव्हे. तो शिक्का आहे. माणूस दारातून आत यायच्या आधी त्याची जागा प्रेक्षकाला कळली पाहिजे, म्हंजे पुढचा हशा वेळेवर येतो. अंगावरच्या कपड्यानं जागा कळणं हे आम्हांला अमेरिकेनं शिकवायची गरज नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्या माणसाचे कपडे घालावेत असा नियम लिहून ठेवलाय. तोही एक कपडेपटच होता. त्याला कुणी 'चांडाळाच्या व्यक्तिमत्त्वाचं प्रतिबिंब' म्हटलं असेल तर मला माहीत नाही, पण म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आता हा शब्दच बघा. नर्ड हा शब्द छापील पुस्तकात पहिल्यांदा सापडतो तो १९५० साली, डॉ. स्यूस ह्या बालसाहित्यिकाच्या एका पुस्तकात. तिथं ते एका काल्पनिक जनावराचं नाव आहे. जनावराचं! पुढं तो घराघरात नेला 'हॅपी डेज' ह्या मालिकेनं, १९७४ ते १९८४. त्या मालिकेत खरा भाव होता फाँझीला. फाँझी म्हंजे गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, हातानं काम करणारा गडी. हेन्री विंकलर ते काम करायचा. फाँझीला चामड्याचं जाकीट द्यायचं निघालं तर एबीसी वाहिनीच्या साहेबांच्या पोटात गोळा आला. चामडं म्हणजे गुंड! सुरुवातीला त्याला साध्या कापडाचं पातळ जाकीट घालायला लावलं. मग तडजोड निघाली ती अशी: जवळ मोटरसायकल असेल तर चामडं चालेल, कारण मग ते गाडी चालवणाऱ्याच्या सुरक्षेचं साधन ठरतं. लेखकही बेरकी. त्यांनी फाँझीच्या जवळ मोटरसायकल ठेवायला सुरुवात केली. तुम्ही हसाल, मी नाही हसलो. कष्टकऱ्याला कपडा कामापुरता, ऐटीपुरता नाही, हा नियम मी गोदीच्या गेटवर रोज वाचतो, तिथं तो लिहिलेला नसला तरी. १९८० साली तेच जाकीट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं मानानं ठेवून घेतलं. कामगाराचा कपडा काचेच्या पेटीत गेला की सगळ्यांना आवडतो.

मला खरं बोलायचंय ते स्टीव्ह अर्कलविषयी.

'फॅमिली मॅटर्स', १९८९ ते १९९८. शिकागोतलं विन्स्लो नावाचं काळं कुटुंब, बाप पोलिसात. शेजारचा काळा पोरगा अर्कल. जलील व्हाइट ह्या पोरसवदा नटाला एका भागापुरता आणला होता, प्रेक्षकांनी असा डोक्यावर घेतला की मालिका त्याचीच होऊन बसली. १९९१ साली त्याची बाहुली बाजारात आली, त्याच्या नावाची न्याहारीची खोकी आली. काय घालायचा अर्कल? छातीपर्यंत ओढलेली घट्ट पॅण्ट, ती तिथं टिकून राहावी म्हणून गॅलिस, खाली घोटे उघडे, वर रंगीबेरंगी बटणांचा स्वेटर, आणि डोक्यामागून पट्टा बांधलेला ताटाएवढा चष्मा. आवाज चिरका, चाल वाकडी. पोरगा विज्ञानात अचाट, पण जिथं जाईल तिथं काहीतरी फोडणार.

आमच्याकडे ही पॅण्ट विनोदी नव्हती. थोरल्याची धाकट्याला यायची, दोन पावसाळ्यांत ती घोट्याच्या वर चढायची आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत तीच चालवायची. अख्खा वर्ग त्या उघड्या घोट्यांकडे बघायचा. आईनं खालची दुमड उसवून दिली की जुन्या रंगाची एक गडद पट्टी राहायची, तिच्यावरूनही कळायचं. अर्कल मात्र गरीब नाही. त्याची पॅण्ट गरिबीनं वर चढलेली नाही, ती कपडेपटानं ओढून वर नेलीय. गरिबीची खूण घ्यायची, तिच्यातली गरिबी काढून टाकायची आणि उरलेल्यावर हसायचं. असला हा कारखाना.

पण ह्याच्याही खाली एक गोष्ट आहे. तो पोरगा काळा आहे आणि तो रोज न विचारता एका पोलिसाच्या घरात घुसतो. सामान फोडतो, पोरीच्या मागं लागतो, हाकलला तरी परत येतो. अमेरिकेत काळं पोरगं असं कुणाच्या दारात शिरलं तर काय होतं हे आपण पेपरात वाचतो. इथं काहीच होत नाही. बाप ओरडतो, लोक हसतात. हे कशामुळं शक्य झालं? गॅलिसामुळं. त्या ताटाएवढ्या चष्म्यामुळं. काळ्या पोराचं अंग, ज्याला गोरा प्रेक्षक घाबरतो, ते आधी गॅलिसात आवळून, बावळट करून, नखं काढून पडद्यावर सोडलं. मग तो कितीही हुशार असू दे. अणूबिणू फोडू दे! अशी हुशारी कुणाला सलत नाही.

१९९३ साली त्यांनी त्याचं दुसरं रूप काढलं, स्टेफान अर्केल. अर्कल आपल्या जनुकांवर स्वतःच प्रयोग करतो, बावळटपणा दाबतो, आणि आतून बाहेर येतो एक देखणा, झोकदार कोट घातलेला, हळू आवाजात बोलणारा तरुण. नट तोच. मेंदू तोच. कपडा बदलला, पाठ सरळ झाली, आणि जी लॉरा त्याला वर्षानुवर्षं झिडकारत होती ती पाघळली. मी तो भाग दोनदा पाहिला. म्हटलं, लेको, हे तुम्ही सिद्ध काय करून बसलात! स्वभाव कपड्यात दिसतो म्हणता, आणि इथं तर कपडा बदलल्याबरोबर स्वभाव बदलला. मग आधी काय, स्वभाव की गॅलिस? हां, शेवटी १९९८ मध्ये लॉरा स्टेफानला सोडून स्टीव्हलाच निवडते, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पण त्यासाठी त्या पोराला नऊ हंगाम घोटे उघडे टाकून फिरावं लागलं.

आता कॅल्टेकच्या चौघांकडे या. इथं तर वर्णव्यवस्थाच उभी आहे, चार वर्ण मोजून घ्या. सर्वांत वर शेल्डन, तो सैद्धान्तिक भौतिकीवाला. हाताला काही लावायचं नाही, फळ्यावर नुसतं चिंतन. त्याच्या खाली लेनर्ड, प्रयोग करणारा. शेल्डन त्यालाही हिणवतो, कारण तो यंत्राला हात लावतो. राज आकाश बघतो. आणि सर्वांत खाली हॉवर्ड, इंजिनियर. चौघांत एकटा डॉक्टरेट नसलेला. तो काहीतरी प्रत्यक्ष बनवतो हाच त्याचा गुन्हा, आणि शेल्डन बारा वर्षं त्याबद्दल त्याला टोचत राहतो. २००९ सालच्या एका भागात त्यानं काय बनवलंय माहिताय? अंतराळातला संडास. वैज्ञानिकांच्या ह्या अग्रहारात संडासाचं काम शेवटी कुणाच्या वाट्याला आलं बघा. अमेरिकन लेखकांना आपली उतरंड माहीत नसेल, पण वर डोकं आणि खाली हात ही वाटणी त्यांच्या हाडात आपसूक उतरलेली आहे.

आणि आता कपडे. शेल्डन: फ्लॅशचा, ग्रीन लँटर्नचा छाप असलेला टी-शर्ट. अंगावर देव घेऊन फिरतो, पण कपड्याकडे लक्ष नाही. लेनर्ड: शेवाळी जाकीट, आत टोपीवाला स्वेटर, ज्याला हुडी म्हणतात, ढगळ पॅण्ट. कपड्याकडे लक्ष नाही. राज: बिनबाह्यांचा शंकरपाळ्यांच्या नक्षीचा स्वेटर आणि त्यावर जाकीट, शाळेला निघालेल्या पोरासारखा. आणि हॉवर्ड! अंगाला चिकटलेली रंगीत पॅण्ट, गळाबंद टर्टलनेक, कधी तर नुसताच खोटा गळा, आत अंगच नाही. पट्ट्याला व्हिडिओ गेमचं बक्कल, कॉलरला परग्रहावरच्या बाहुल्याची पिन, केस जुन्या बीटल्ससारखे. सकाळी आरशापुढं सर्वांत जास्त वेळ उभा राहिलेला माणूस हा. आणि सर्वांत जास्त हशा त्याच्यावर.

मला टोचत होतं ते इथं सापडलं. जो वर आहे त्यानं कपड्याकडे दुर्लक्ष केलं तर ते त्याच्या बुद्धीचं लक्षण. जो खाली आहे त्यानं कपड्याकडे लक्ष दिलं तर ते त्याच्या हास्यास्पदपणाचं लक्षण. नटला म्हणून हसायचं. बघा, प्रयत्न करतोय बिचारा! आपल्या वस्तीतलं पोरगं नवीन गॉगल लावून, केस फुगवून, चकचकीत शर्ट घालून स्टेशनवर उभं राहिलं की सदाशिवपेठी डोळा जो हसतो तो हाच. 'काय त्यांची टेस्ट!' म्हणतात. टेस्ट! बापजाद्यांना चिंधी मिळत नव्हती त्यानं पहिला शर्ट घेतला तर तो लालभडक घेणार नाही तर काय खादीभांडारातून मळखाऊ झब्बा आणणार? गबाळेपणा परवडायला आधी तीन पिढ्यांचा मान पदरात लागतो. आम्ही गबाळे दिसलो तर गेटवरचा शिपाई आत सोडत नाही.

हा हॉवर्ड २०१२ साली अंतराळात जातो, तेव्हा निळ्या कामाच्या पोशाखात दिसतो. माझ्यापुरतं बोलायचं तर त्या कपड्यात तो मला पहिल्यांदा पूर्ण माणूस वाटला.

राजविषयी थोडं. आडनाव कुथ्रापल्ली, वळण दक्षिणेचं, घर दिल्लीत, बाप श्रीमंत डॉक्टर. पहिले सहा हंगाम दारू प्यायल्याशिवाय ह्याला बाईशी बोलता येत नाही. जगात मोठा माणूस, अंगावर शाळकरी स्वेटर: बाहेरून आलेल्याला पोर करून ठेवायचं हे साहेबाचं जुनं तंत्र. २०२३ साली ह्या मालिकेतल्या एका संवादात माधुरी दीक्षितचा अपमान झाला म्हणून नेटफ्लिक्सला नोटीस गेली. नटीच्या नावासाठी अस्मिता पेटली, पण त्या स्वेटराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि राजची जात? अमेरिकन कपडेपटाला ती दिसत नाही. त्याला नुसता 'इंडियन' दिसतो. त्यावर पुढं येतो.

बायकांचं तर सोपंच करून टाकलंय. एमी ही मेंदूवैज्ञानिक, म्हणून तिला लांब स्कर्ट, जाड मोजे, शर्टावर स्वेटर, स्वेटरवर आणखी स्वेटर. पेनी ही हॉटेलात ताटं उचलणारी, म्हणून तिला आखूड चड्डी आणि तंग बनियन. डोकं असलेली बाई झाकायची आणि डोकं नाही असं ठरवलेली बाई उघडी टाकायची. एमीचं काम करणारी मायिम बियालिक ही खरीखुरी मेंदूविज्ञानातली डॉक्टर आहे, २००७ साली तिनं पदवी घेतली. म्हणजे खरी वैज्ञानिक समोर उभी असताना तिला वैज्ञानिकासारखी दिसावी म्हणून सोंग चढवावं लागलं! आणि पेनी, सगळ्या टोळीत रोजंदारीवर राबणारी एकटी. लग्नाआधीचं तिचं आडनाव बारा वर्षांत एकदाही सांगितलेलं नाही. लेखकांना सुचलं नाही की लागलंच नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पुढं २०१४ मध्ये ती औषधकंपनीत विक्रीच्या नोकरीला लागते, केस कापते, कोट चढवते, आणि पैसाही तिथूनच सुरू होतो.

एक मालिका मला थोडी बरी वाटली ती इंग्लंडातली, 'द आयटी क्राउड', चॅनल फोरची, २००६ ला सुरू झालेली. त्यात वर चकाचक काचेचं ऑफिस, सूटातले साहेब, आणि तळघरात दोन संगणक दुरुस्त करणारे. मॉस भांग पाडून, चौकटीचा शर्ट आणि टाय लावून बसतो, आईनं तयार करून पाठवल्यासारखा. रॉय टी-शर्टावर काहीतरी छापलेलं घालून पाय टेबलावर टाकतो. निदान इथं कपडा कोणत्या मजल्यावरचा आहे हे लपवलेलं नाही. वरच्यांना खालच्यांची नावंही धड ठाऊक नसतात आणि यंत्र बंद पडलं की मात्र फोन. गोदीत असंच आहे. रॉयच्या टी-शर्टावरची अक्षरं म्हणजे ज्याला बैठकीत बोलायला मिळत नाही त्यानं छातीवर लावलेला फलक, असं मी समजतो. लेखकाच्या मनात तेवढं नसेलही.

आता कुणी म्हणेल, गड्या, एवढा का तापतोस, विनोद आहे, आणि त्या पोरांना शाळेत मार खायला लागतो, कपडे त्या मार खाल्लेल्यांचेच आहेत. होते. होते, हे मी मानतो. ज्याची टवाळी झाली, ज्याचा चष्मा फोडला, त्याच्या बाजूनं उभं राहायला आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण तो पोशाख आता कुणाच्या अंगावर आहे? २०१२ सालाकडे बघा.

२६ फेब्रुवारी २०१२. फ्लोरिडातलं सॅनफर्ड गाव. सतरा वर्षांचा ट्रेव्हन मार्टिन, काळा, दुकानातून गोळ्या आणि पेय घेऊन पायी परत येत होता. अंगात हुडी. वस्तीवर पहारा करणाऱ्या एका माणसाला तो संशयित दिसला आणि त्यानं त्याला गोळी घातली. पुढच्या वर्षी तो माणूस निर्दोष सुटला. टीव्हीवरच्या एका शहाण्यानं सांगितलं की पोराच्या मरणाला हुडीही तेवढीच जबाबदार आहे. नंतर माफी मागितली, पण मनातलं बाहेर आलं ते आलंच. मार्चमध्ये न्यूयॉर्कात हजारो लोक हुडी घालून रस्त्यावर आले. अमेरिकेच्या संसदेत बॉबी रश ह्या काळ्या सदस्यानं भाषण करताना कोट काढून हुडी डोक्यावर ओढली, तर त्याला सभागृहाबाहेर काढलं.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मार्क झुकरबर्ग फेसबुकचे शेअर विकायला न्यूयॉर्कच्या धनदांडग्यांपुढं उभा राहिला. अंगात हुडी. एकानं तक्रार केली की हे पोरकट दिसतं. बाकीच्यांना त्यात प्रतिभा दिसली. कंपनीची किंमत लागली १०४ अब्ज डॉलर.

तोच कपडा. तेच वर्ष. लेनर्ड ज्यात बावळट आणि गोड दिसतो तोच. सांगा आता, हुडीत स्वभाव दिसतो का? कुणाचा? ट्रेव्हनच्या हुडीत काय दिसलं आणि मार्कच्या हुडीत काय दिसलं? कापडात काहीच नाही दिसलं, कापडावर जे तोंड होतं त्याचा रंग दिसला. सिटकॉमनं वर्षानुवर्षं प्रेक्षकाला शिकवून ठेवलं होतं की असा ढगळ, गबाळा, टोपी ओढलेला पोरगा म्हणजे मनानं निर्मळ, दुनियेनं छळलेला, त्याच्यावर विश्वास ठेवा. ह्या शिकवणीचा फायदा कुणाला झाला? मार खाल्लेल्याचा पोशाख घालून मालक बाजारात उतरला. आता तो जगाच्या खिशात हात घालतो आणि वर म्हणतो, मला लहानपणी कुणी खेळायला घेत नव्हतं.

आणि ही हुडी आपलेही लोक घालतात. कॅलिफोर्नियात भारतातून गेलेले इंजिनियर भरलेत, आणि तिथं सगळे एकाच कपड्यात, नोकर कोण नि साहेब कोण कळू नये असे. कपड्यानं जात झाकली म्हणायची? तिथल्या दलित इंजिनियरांनी सांगितलंय की दोस्तीत पाठीवर थाप मारल्यासारखं करून हात खांद्यावरून फिरवतात, आत जानवं लागतं का बघायला. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला तेव्हा गोऱ्यांना पहिल्यांदा कळलं की ह्या हुड्यांच्या आत काय काय आहे. 'सिलिकॉन व्हॅली' नावाची मालिका २०१४ ते २०१९ त्याच जगावर निघाली, हुडीतल्या पोरांची. त्यात ही थाप कुठंच नाही. लेखकांना सापडली नसेल. राजच्या शंकरपाळी स्वेटराच्या आतही कुणी बघितलं नव्हतं.

मला राग येतो तो आणखी एका गोष्टीचा. चष्मा, खिशाला पेन, हातात पुस्तक: सिटकॉमच्या कपडेपटात ह्या तीन वस्तू ठेवल्या की ढापण्या तयार, हशा सुरू. आमच्या प्रत्येक वस्तीच्या नाक्यावर एक माणूस उभा आहे. चष्मा आहे. खिशाला पेन आहे. काखेत पुस्तक आहे. निळा सूट, इस्त्रीचा. पोरं मिसरूड फुटायच्या आधी त्याच्यासारखं उभं राहायला शिकतात. तिथं हशा येत नाही, तिथं लोक डिसेंबरात रात्र रात्र रांगेत उभे राहतात. कारण त्या माणसाला ठाऊक होतं की अंगावरचा कपडा हे भांडण आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला त्यानं बायांना सांगितलं की तुमच्या लुगडं नेसण्यावरून, अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखतात, त्या खुणा टाका, वरच्या समजल्या जाणाऱ्या बायांसारखं नेसा. बाया त्या रात्रीच तसं नेसल्या. त्यांच्या कपड्यात त्यांचं व्यक्तिमत्त्व 'प्रतिबिंबित' झालं नाही, त्यांनी ते तिथल्या तिथं नव्यानं घडवलं. आणि आपल्याच पोरांना आज तोच चष्मा आणि तेच पेन विनोदी म्हणून दाखवायचं? अमेरिकेत गोऱ्याच्या घरी पुस्तकं भिंतीला लागून पडलेली असतात, त्यामुळं पुस्तक वाचणाऱ्यावर हसणं त्याला परवडतं. आम्हांला नाही परवडत.

माझ्याकडे फ्लॅशचा टी-शर्ट आहे. लाल, छातीवर वीज. फुटपाथवर घेतला तेव्हा हा कोण देव ते ठाऊकही नव्हतं, रंग आवडला म्हणून घेतला. गोदीत आम्ही कंटेनरांना लोखंडी दांड्यांनी आवळतो, त्यावर ठेकेदाराचं नाव छापलेलं नारिंगी जाकीट घालावं लागतं, वीज त्याच्या आत जाते. एकदा गेटवर जाकीट काढून पाणी पीत होतो, तर गाडीतून उतरलेल्या एका साहेबानं टी-शर्टाकडे बोट करून सोबतच्याला म्हटलं, ह्यांना अर्थ तरी कळतो का. मी त्याला फ्लॅशची सगळी वंशावळ सांगू शकलो असतो. सांगितली नाही. भोंगा झाला होता.

आता शेवटी तुला सांगतो, हिंजवडीत बसलेल्या माझ्या भावा. तू आमच्याच गल्लीतला. सरकारी शाळेतून, शिष्यवृत्तीवर, रात्री दिव्याखाली घासून तिथं पोचलास, आणि आता ऑफिसात स्वतःला नर्ड म्हणवतोस, हुडी घालतोस, आणि कुणी आडनाव विचारलं की विषय बदलून शेल्डनचा एखादा विनोद सांगतोस. मला तुझी भीती कळते. पाठीवर पडणारी ती थाप तू ओळखतोस आणि हुडी जाड असली म्हणजे बरं वाटतं. पण तू ज्या गोष्टीला नर्ड म्हणतोस तिला तुझी आजी शिकलेला म्हणायची, आणि तुझा तो चष्मा बघून तिचा ऊर भरून यायचा, हसू नाही. तेवढ्यासाठी तिनं दुसऱ्यांची धुणी धुतली.

वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी दहावीची पंधरा-वीस पोरं बसतात. त्रिकोणमितीला अडलीत, माझ्या मॅट्रिकचा तिथं काही उपयोग नाही. नऊला ये. काय घालून यायचं ते तुझं तू ठरव.